शहराला स्वतःचा निवडणूक आयोग कशाला?

महोदय,
शहराच्या निवडणुका घेणारी यंत्रणा शहराचीच असावी, असं काहींचं म्हणणं असतं. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्यात ते करून बघा! इथे उमेदवार, मतदार आणि यादी तपासणारा कर्मचारी सगळे एकमेकांचे सोयरेधायरे. प्रभागाची हद्द कुणाच्या परड्यातून न्यायची हे गावातच ठरलं, तर निकाल मतदानाआधीच लागेल. त्यामुळे घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने हे काम राज्य निवडणूक आयोगाकडे दिलं ते योग्यच.

पण आयोगाचे हात मोकळे कुठे आहेत? प्रभागरचनेचा अधिकार २०२२ मध्ये सरकारने स्वतःकडे घेतला. आमच्या नगरपरिषदांची मुदत २०२१ अखेर संपली. मतदान झालं डिसेंबर २०२५ मध्ये, तेही सर्वोच्च न्यायालयाने बजावल्यावर. तोवर प्रशासक. गटार तुंबलं तर नगरसेवकाला गाठायची सोयच उरली नव्हती. प्रभागरचनेचा अधिकार आयोगाला परत द्यावा.

स्थानिकांकडे एकच काम सोपवावं, घरोघर जाऊन यादी पडताळण्याचं. विधानसभेची यादी प्रभागांत फोडली की मुंबईला स्थायिक झालेली नावंही तशीच येतात. हरकतींची मुदत गणपतीत ठेवली, तर चाकरमानीही घरीच भेटतील.

– एक मतदार, वेंगुर्ले