आमच्या गल्लीतल्या सुभेदार काकांना, मनापासून थँक्यू

काका, नमस्कार.

तुम्हाला समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "राहू दे ना बाप्पा" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आणि ह्यांना विचारूनच लिहितेय.

आमचे हे 24 वर्षं फौजेत होते, त्यातली काही वर्षं काश्मीरमध्ये, राष्ट्रीय रायफल्समध्ये. तिथे ह्यांच्या पुढच्याच गाडीखाली आयईडी, म्हणजे पेरून ठेवलेला बॉम्ब, फुटला. हे धडधाकट घरी आले म्हणून आम्ही देवाला नारळ फोडला आणि विषय संपला असं समजलो. पण पेन्शनवर आल्यावर, मानेवाड्यात घर बांधून झाल्यावर सगळं सुरू झालं. रात्री दचकून उठायचे, बनियान घामाने चिंब, मागून कोणी हात लावला तर हात उगारायचे, डिझेलचा वास आला की एकदम गप्प, लग्नात जायचं नाही, बर्डीच्या गर्दीच्या बाजारात जायचं नाही, आणि संध्याकाळ झाली की कँटीनची रम. मुलगी बापाला घाबरायला लागली होती. घरच्यांनी नजर लागली म्हणून उतारे केले, एका डॉक्टरांनी दोन मिनिटांत नुसत्या झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

आणि मग ती दिवाळी. लक्ष्मीपूजनाला पोरांनी मोठी लड लावली आणि हे जिन्याखाली सायकलीच्या मागे, डोकं गुडघ्यात घालून बसलेले. मी धावत जाऊन धरणारच होते, तुम्ही म्हणालात हात लावू नको, मागून तर जाऊच नको. तुम्ही समोर, थोडं लांब खाली बसलात. "हवालदार, मी शेजारचा सुभेदार. तू नागपुरात आहेस, आपल्या घरी आहेस. फरशीवर पाय दाब. गार लागते का? आज कोणता सण आहे सांग बरं." तेच तेच, आवाज न चढवता, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. शेवटी हे हळूच म्हणाले, "दिवाळी."

भाऊबीजेला तुम्ही चहाला आलात आणि खिशातून स्वतःच्या गोळ्यांची पट्टी काढून कपाजवळ ठेवली. 1999 ला कारगिलहून आल्यावर कितीतरी वर्षं मीपण कोणाला बोललो नाही, आता ही रोज घेतो, असं म्हणालात. मी वर्षभर समजावत होते ते ह्यांना पटलं नव्हतं काका, त्या पट्टीने पटलं. कपाटात पडलेलं ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचारांच्या योजनेचं, कार्ड तुम्हीच शोधायला लावलं, पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊन दिलं, मानसोपचाराच्या ओपीडीत नंबर लावून ह्यांच्या बाजूला बसलात.

तिथे पहिल्यांदा पीटीएसडी हे नाव ऐकलं, म्हणजे जिवावरच्या प्रसंगाचा धक्का मनात घर करून बसतो तो आजार. 1980 पासून हे नाव डॉक्टरांच्या पुस्तकात आहे म्हणे, म्हणजे आमच्या लग्नाच्याही आधीपासून, आणि आम्ही उतारे करत बसलो! सर्ट्रालीन नावाची गोळी सुरू झाली, असर दिसायला चार-सहा आठवडे लागतील, मध्येच बंद करायची नाही, असं बजावलं. थेरपी जास्त जड गेली. तो स्फोट डोळे मिटून पहिल्यापासून सांगायचा, मोबाईलवर रेकॉर्ड करायचा आणि घरी तेच रोज ऐकायचं. सुरुवातीला वाटलं हा कसला इलाज, जखम कशाला उकरता, हे तर दोनदा सोडून द्यायला निघाले होते. पण ऐकता ऐकता काही आठवड्यांनी ती आठवण जुनी व्हायला लागली, म्हणजे ते आत्ता घडतंय असं वाटणं कमी झालं. मग टाळलेल्या जागी जायचं. आधी सक्करदरा चौक, मग बर्डी मंगळवारी दुपारी, मग बर्डी शनिवारी संध्याकाळी, आणि भीती उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. त्या शनिवारी मुलीचं बोट धरून हे तासभर उभे होते.

अजून हॉटेलात हे दाराकडे तोंड करूनच बसतात, एखादी रात्र वाईट जाते. पण रम सुटली, आणि मुलगी आता मागून नाही, समोरून येऊन गळ्यात पडते.

ज्यांच्या घरी असं चालू आहे आणि शेजारी असे काका नाहीत त्यांनी 14416 लावा, मनाच्या त्रासासाठी सरकारच्या टेलिमानस सेवेचा फ्री नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

आणि काका, काकू सांगत होत्या की बरं वाटतंय म्हणून तुम्ही मागच्या महिन्यात गोळ्या मनानेच बंद केल्या. असं करू नका ना. सोमवारी तुमची ओपीडीची तारीख आहे, हे सकाळी 8 ला गाडी घेऊन येतात, नंबर लावून बाजूला बसतील.