जातींचा आकडा छापताना खोली आणि आसही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आर्क्टिक महासागरात प्राणिप्लवकांच्या (पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक प्राण्यांच्या) अमुक जाती सापडल्या, अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते. तीत आकडा असतो, पण तो किती खोलीवरचा आणि किती आसाच्या (म्हणजे किती मोठ्या छिद्रांच्या) जाळ्यातला, हे नसते. आस बदलला की जाळ्यात काय येते तेही बदलते, हे कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला सांगावे लागत नाही. ध्रुवाकडे तो आस मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजतात, एवढाच फरक.

खोलीचे आधी. आर्क्टिकच्या खोल खोऱ्यांत पाणी थरांनी असते. वर गोडसर, गोठणबिंदूजवळचे पाणी. साधारण २०० ते ९०० मीटरच्या पट्ट्यात अटलांटिकमधून आलेले, शून्य अंशाच्या जरा वरचे पाणी. त्याखाली पुन्हा शून्याखालचे. उन्हाळ्यात वरच्या ५० मीटरांत कॅलॅनस आणि ऑयथोना या कोपेपॉडांची (बारीक कवचधारी प्राण्यांची) गर्दी असते. वजन भरपूर, जाती मोजक्या. खाली जावे तसे वजन घटते आणि जाती वाढतात. हिवाळ्यात चित्र पालटते. अंगात तेल साठवलेला कॅलॅनस हायपरबोरियस हजार मीटर किंवा त्याहूनही खाली जाऊन सुप्तावस्थेत राहतो. त्यामुळे महिना न सांगता दिलेली खोलीही अर्धवटच.

थर वेगळे ठेवायला मल्टीनेट वापरतात. लहान आकाराच्या मल्टीनेटचे तोंड पाव चौरस मीटरचे असते, पाच जाळ्या एकामागून एक उघडतात आणि मिटतात. ग्रीनलंड आणि नॉर्वेचा स्वालबार्ड द्वीपसमूह यांमधल्या फ्रॅम सामुद्रधुनीत १५००, १०००, ५००, २०० आणि ५० मीटर अशा सीमा पुष्कळदा घेतात, ओढण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. इथे एक गोम आहे. ५० मीटरपासून पृष्ठभागापर्यंतच्या ओढीत साडेबारा घनमीटर पाणी गाळले जाते. १००० ते ५०० मीटरच्या ओढीत १२५. दहापट पाणी गाळले तर दुर्मीळ जाती जास्त हाती लागणारच. म्हणून ‘खोलवर जाती अधिक’ हे विधान समान संख्येचे जीव घेऊन पुन्हा पडताळावे लागते. न मिटणारे साधे जाळे हजार मीटरवरून थेट वर ओढले, तर सगळ्या थरांची खिचडी होते. जहाज बर्फाबरोबर सरकले आणि तार उभ्यापासून ६० अंश कलली, तर हजार मीटर तार सोडूनही जाळे जेमतेम पाचशे मीटरवर असते. खोली तारेवरून नव्हे, दाबमापकावरूनच घ्यायची.

आता आस. २०० मायक्रॉनच्या जाळ्यातून ऑयथोनाची पिल्ले आणि बहुतेक कोपेपॉडांचे नॉप्लियस (अंड्यातून निघालेले डिंभ) सरळ निसटतात. १५० मायक्रॉनने सुधारणा होते, पूर्ण भरपाई नाही. ५० मायक्रॉनच्या आसपासचे जाळे लावले तर वसंतात वनस्पतिप्लवकांनी ते तुंबते आणि गाळलेल्या पाण्याचा हिशेब चुकतो. शिवाय कोळंबीसारखे दिसणारे क्रिल जाळे येताना पाहून बाजूला होते. दोन जाळ्यांचे आकडे शेजारी ठेवून ‘जाती घटल्या’ म्हणणे म्हणूनच धोक्याचे.

नमुना वर आला की कंकतधारी जेली (जेलीफिशसारखे नाजूक जीव) आधी वेचून मोजाव्यात. नमुने टिकवण्याच्या फॉर्मॅलिनमध्ये त्यांचा चोथा होतो. मग बोरॅक्स घालून आम्लता मारलेले ४ टक्के फॉर्मॅलिन. बोरॅक्स विसरल्यास लिमासिना या शंखधारी गोगलगायीचे कवच विरघळते आणि ती यादीतून जाते. डीएनएसाठी वेगळा भाग ९६ टक्के इथेनॉलमध्ये ठेवून चोवीस तासांनी इथेनॉल बदलायचे. हा भाग वेगळा ठेवणे ऐच्छिक समजू नये: अटलांटिकचा कॅलॅनस फिनमार्किकस आणि आर्क्टिकचा कॅलॅनस ग्लेसिॲलिस पूर्वी धडाच्या लांबीवरून वेगळे काढत, आणि स्वालबार्डच्या फियॉर्डमध्ये (डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाडीत) डीएनए पाहिल्यावर अनेक लहान ग्लेसिॲलिस फिनमार्किकसच्या रकान्यात गेलेले आढळले. ‘अटलांटिकची जात वाढली’ ही बातमी इतक्या साध्या चुकीवर उभी राहू शकते.

भारताचे हिमाद्री केंद्र २००८ पासून स्वालबार्डमधल्या न्यू ऑलेसुंडला, काँग्सफियॉर्डच्या काठी आहे. गोव्यातले राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र ते चालवते. तिथल्या नोंदी मोलाच्या आहेत. पण तो फियॉर्ड चारशे मीटरही खोल नाही आणि अटलांटिकचे पाणी त्यात सहज शिरते. चार हजार मीटरच्या मध्य आर्क्टिक खोऱ्याचा निष्कर्ष तिथल्या नमुन्यावरून काढू नये, आणि मथळ्यात ‘आर्क्टिक’ऐवजी ‘काँग्सफियॉर्ड’ लिहायला जागाही फार लागत नाही.

डिसेंबर २०२३ पासून भारतीय चमू हिमाद्रीवर हिवाळ्यातही जातात. ध्रुवीय रात्रीत जहाजाच्या दिव्यांमुळे २०० मीटर खोलीपर्यंतचे प्राणी जागा बदलतात, हे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आहे. त्या मोसमातला आकडा छापताना डेकवरचे दिवे मालवले होते का, हेही विचारून घ्यावे.

आपला,
एक प्लवक-अभ्यासक, पणजी