वॉरफोर्ज्ड घेतोयस, तर आधी हे वाच

लालबाग, मुंबई
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज वाचला. आपल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नव्या डावात कॅरेक्टर कुठल्या वंशाचं घेणार, त्याबद्दल: ‘वॉरफोर्ज्ड घेतो, एसी फुकटात एकने वाढतो.’ वॉरफोर्ज्ड म्हणजे युद्धासाठी घडवलेले सैनिक, आणि एसी म्हणजे आर्मर क्लास, बचावाचा आकडा. नुसता अंगठा टाकून मोकळा झालो असतो, पण दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. फोन केला असता तर तू दोन मिनिटांत ‘बरं बरं, बघू’ म्हणाला असतास. म्हणून पत्र. मंडळी आत्ताच उठून गेली, कॅरम बोर्ड अजून पलंगावरच आहे. फासे आपण अजूनही त्यावरच टाकतो, कडेच्या लाकडाला आपटून परत येतात, पलंगाखाली जात नाहीत. वीस बाजूंच्या फाशाच्या खाचांत बोरिक पावडर बसलीय, सतराचा आकडा पांढराशुभ्र दिसतो.

तू बदली होऊन परत येतोयस आणि पुन्हा टेबलावर बसणार आहेस, याचा मला किती आनंद झालाय ते वेगळं सांगत नाही. नवं कॅम्पेन, म्हणजे आपली पुढची लांबलचक गोष्ट, एबेरॉन नावाच्या काल्पनिक जगात आहे. २००२ साली हा खेळ काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टने नव्या जगासाठी स्पर्धा ठेवली होती, साधारण ११,००० प्रवेशिका आल्या, त्यातून कीथ बेकरचं हे जग निवडलं गेलं. पुस्तक आलं २००४ मध्ये. आपण २०१९च्या पुस्तकाने खेळतोय. इथे जादू राजवाड्यात कुलूपबंद नाही, ती कामाला लावलेली आहे. विजेवर धावणारी गाडी आहे, रस्त्यावर जादूचे दिवे आहेत, आणि या धंद्यांवर अंगावर जादूची खूण, म्हणजे मार्क, असलेल्या घराण्यांची मक्तेदारी आहे. शार्न नावाचं शहर तर आकाशात चढत गेलेल्या मनोऱ्यांचं. वर श्रीमंत, खाली गरीब, आणि अगदी तळाला कॉग्ज, म्हणजे भट्ट्या. आपल्या गॅलरीतून गिरणीची चिमणी आणि तिच्यामागचे टॉवर एकाच नजरेत दिसतात, तेव्हा शार्न तुला समजावून सांगायची गरज नाही.

आता युद्ध. गॅलिफार राज्याचा राजा जॅरॉट त्या जगातल्या ८९४ साली वारला. पाच मुलं, पाच प्रांत, आणि गादीवरून भांडण. ते शंभर वर्षं चाललं. माणसं पुरेनाशी झाली. त्या पाचांतल्या कार्नाथने मेलेले सैनिक उठवून लढवले. मार्कवाल्या कॅनिथ घराण्याने दुसरा मार्ग काढला. ९६५ पासून त्यांच्या भट्ट्यांतून वॉरफोर्ज्ड बाहेर पडू लागले. लाकूड, दगड, धातू, आणि आत जिवंत मन. जो पैसे मोजेल त्याला विकले. म्हणजे एकाच घराण्याच्या भट्टीतले दोघे समोरासमोरच्या सैन्यांत उभे राहिलेले असू शकतात. ९९४ मध्ये सायर देश एका दिवसात राखाडी धुक्याखाली गेला. का, ते बेकरने मुद्दाम कुठेच सांगितलेलं नाही, ते प्रत्येक डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, आपल्या टेबलापुरतं ठरवायचं. मी ठरवलंय, तुला सांगणार नाही. त्या धसक्याने ९९६ मध्ये थ्रोनहोल्डचा तह झाला. तहात वॉरफोर्ज्डना स्वतंत्र म्हणून मान्यता मिळाली, आणि त्याच तहाने भट्ट्या मोडायचा हुकूम दिला.

हे नीट बघ. स्वातंत्र्य मिळालं, आणि त्याच कागदाने पुढची पिढी संपली. आणि ज्या कामासाठी घडवलं ते कामही त्याच दिवशी गेलं. आपला खेळ ९९८ मध्ये सुरू होतो. म्हणजे तुझा कॅरेक्टर फार तर तेहेतीस वर्षांचा, कदाचित दोनच वर्षांचा. त्याला बालपण नाही, आई नाही, आठवतं ते सगळं पलटणीतलं.

तू नियमांच्या पानावर एसी पाहिलास, मी त्याच पानावर ‘सेंट्रीज रेस्ट’ वाचून थांबलो होतो. वॉरफोर्ज्डला झोप नाही. सहा तास हलायचं नाही, बस. पाहणाऱ्याला वाटतं निर्जीव आहे, पण त्याला दिसतं सगळं, ऐकू येतं सगळं.

आमचे आजोबा आठवतात ना तुला? गॅलरीत पिंपाशेजारी, लोखंडी खुर्चीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली, त्यात ते होते. साच्यांवर, म्हणजे मागांवर होते, बहुतेक रातपाळीला. आपण चौथी-पाचवीत होतो तेव्हा संपाला बारा-तेरा वर्षं होऊन गेली होती, तरी त्यांना रात्री झोप यायची नाही. मी पाणी प्यायला उठलो की ते तसेच बसलेले, डोळे उघडे, अंग जराही हलत नाही. फक्त उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत असायची. फार नंतर कळलं, ती तुटलेल्या धाग्याला गाठ मारायची हालचाल. आपला मांजा तुटला की हेच हात तो जोडून द्यायचे, आणि गाठीवरून बोट फिरवलं तरी लागायची नाही. तू एकदा विचारलं होतंस, ‘आजोबा, गाठ कुठेय?’

आजोबांना मी वॉरफोर्ज्ड म्हणत नाहीये. त्यांना घर होतं, कोकणात गाव होतं, गुरुवारचं भजन होतं. पण एका कामासाठी घडलेल्या हातांचं काम गेलं की हात काय करतात, ते आपण दोघांनी पाहिलंय. म्हणून वॉरफोर्ज्ड तू नुसता आकड्यासाठी घेतलास तर मला वाईट वाटेल. आकडाच हवा असेल तर ढाल घे, दोनने वाढतो.

बाकी वंशांचे पर्यायही आहेत, हट्ट नाही. चेंजलिंग चेहरा बदलतो, तुला नाटकाची हौस आहे, जमेल. शिफ्टरमध्ये लायकॅन्थ्रोपचं, म्हणजे जनावराचं रूप घेणाऱ्या माणसाचं, रक्त असतं, तो मला तुझ्यासाठी नाही वाटत. कलाश्तार मला फार आवडतात: स्वप्नांच्या प्रदेशातून पळून आलेल्या सदुसष्ट आत्म्यांनी अडारच्या साधूंमध्ये आसरा घेतला, त्यांचा हा वंश. पण तो आपल्या टेबलावर आधीच एकाने घेतलाय.

वॉरफोर्ज्डच घेणार असशील तर पुढच्या रविवारच्या आत एवढं ठरव. कुठल्या देशाने विकत घेतलं? तह झाल्याची बातमी आली तेव्हा तो कुठे उभा होता, आणि त्यानंतर पहिली रात्र त्याने कुठे काढली? नाव कुणी ठेवलं? पलटणीने ठेवलेलं नाव अजून चालवतोय की स्वतः बदललं? वॉरफोर्ज्डच्या ‘स्पेशलाइज्ड डिझाइन’ या नियमात तुला एक कौशल्य आणि एक हत्यार, म्हणजे कामाचं अवजार, मिळतं. सगळे चोराची हत्यारं घेतात. यादीत विणकराची हत्यारंसुद्धा आहेत. सैन्याला तंबू लागतात, पट्ट्या लागतात, कुणीतरी त्या विणल्या असतीलच. बघ.

आणि एक. प्रत्येक वॉरफोर्ज्डच्या कपाळावर घडतानाच एक खूण उमटते, तिला घुलरा म्हणतात. दोघांची सारखी नसते. तुझ्या कॅरेक्टर शीटवर चेहरा मी पेन्सिलने काढून ठेवलाय, कपाळ कोरं सोडलंय. शीट या पत्रासोबत पाठवतोय. घुलरा तू काढ, शाईने. आणि शीट घडी न घालता आण.

तुझा,
पक्या