आप्पांच्या मिठाच्या पाण्याबद्दल

जळगाव, १४ मे

प्रिय भावड्या,

कसा शे? काल फोनवर तू सांगितलं ना, आप्पा केळीच्या बागेतून आले नि जुलाब लागले, मग काकूंनी तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ कालवून पाजलं, तेव्हापासून मला चैन नाही. ते पाणी आधी बंद कर.

हे बघ, आतड्याच्या आतून पेशींचं अस्तर असतं. पोकळीच्या बाजूला सोडियम (मिठातलाच घटक) आत घ्यायचं दार आणि रक्ताच्या बाजूला पंप, तो एका फेरीत ३ सोडियम बाहेर टाकतो नि २ पोटॅशियम आत ओढतो. एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला पंप हे गणित डेन्मार्कच्या हान्स उसिंगनी नि त्यांच्या सहकारी बाईंनी १९५८ मध्ये बेडकाच्या कातडीवरून मांडलं. त्या कातडीबाहेरच्या पाण्यात मीठ वाढवत गेलं तर आधी सोडियम भराभर आत जातं आणि मग वेग वाढतच नाही, कारण दारं मोजकीच, वरून तिथलं ईनॅक नावाचं चॅनेल, म्हणजे तेच दार, बाहेर सोडियम वाढलं की काही सेकंदात स्वतःच मंदावतं. किती शहाणी पेशी रे! आप्पांच्या घामाच्या नळ्यांतही हेच चॅनेल मीठ परत ओढतं, म्हणून रोज उन्हात राबणाऱ्याचा घाम हळूहळू कमी खारट होतो.

पण लहान आतड्यातलं मोठं दार वेगळं, ते ग्लुकोजसोबतच उघडतं, एका ग्लुकोजमागे २ सोडियम, आणि त्यांच्या मागोमाग पाणी. जुलाबातही हे दार बहुतेक चालू राहतं. नुसतं इतकं खारट पाणी मात्र आतड्यात पडून राहतं नि उलट अंगातलंच पाणी ओढून घेतं, जुलाब वाढतात. म्हणून तर २००२ मध्ये ओआरएसमधलं, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्यातलं, सोडियम लिटरला ९० वरून ७५ मिलिमोलवर आणलं, ग्लुकोजही तेवढंच, ७५, आणि त्यानं जुलाब नि उलट्या कमी झाल्या.

मेडिकलमधून ओआरएसचं पाकीट आण, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात सगळं एकदम घोळ. नाहीच मिळालं तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर नि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा सपाट म्हणजे सपाटच, काकूंचा हात सढळ आहे म्हणून तू स्वतः माप. घोट घोट पाज. लघवी होत नसेल, गुंगी वाटली किंवा पाणी पोटात टिकत नसेल तर माझ्या पत्राची वाट बघू नको, सरळ दवाखान्यात ने.

रविवारी मी रावेरला येतोच. आप्पांना नमस्कार सांग.

तुझा भाऊ