सुटकेनंतरची अडवणूक सरकारी खिडकीवर

मा. संपादक,
स. न.

तुरुंगातून सुटलेल्यांच्या पुनर्वसनाविषयीचा आपल्या कालच्या अंकातील लेख वाचला. समाजाने मन मोठे करावे, या लेखकाच्या आवाहनामागची कळकळ मला मान्य आहे. मात्र सगळा दोष समाजाच्या पदरात टाकून शासनाला इतक्या सहजपणे मोकळे सोडलेले पाहून राहवले नाही.

आमच्या वाड्यावरील एक तरुण आपली शिक्षा पूर्ण भोगून कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहातून बाहेर आला. तो माझा जुना विद्यार्थी, आणि सुतारकाम त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. लोकांनी त्याला दूर लोटले असेल, असा आपल्या लेखकाचा समज असल्यास तसे घडलेले नाही. चवथीच्या आधी शेजाऱ्यांनी त्याला माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळे-पाने टांगण्याची, चौकट दुरुस्त करायला बोलावले, एकाने खिडक्यांचे काम दिले. अडले ते पुढे. यंत्रे घेण्यासाठी स्वयंरोजगाराचे कर्ज हवे, कर्जासाठी पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला हवा, आणि तो मागायला गेल्यावर खिडकीवरील कर्मचाऱ्याने रांगेतल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, ‘‘मधली वर्षे कुठे होतास?’’ मी त्याच्या शेजारीच उभा होतो. कोलवाळ गोव्यातल्याच बार्देश तालुक्यात आहे. तेथे त्याला सरकारनेच ठेवले होते आणि त्याची नोंद सरकारच्याच दप्तरात आहे. तरीही त्या काळात आपण गोव्यात राहत होतो, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर! सुटकेचा कागद दाखवायचा, तर चार अनोळखी माणसांसमोर गुन्ह्याची उजळणी करायची. तो अर्ज न देताच परतला. शिधापत्रिकेवरचे नाव कमी झालेले आहे, बँकेतले खाते निष्क्रिय झालेले आहे, आणि तेथेही त्याला याच प्रश्नाला तोंड द्यावे लागणार आहे.

केंद्राच्या 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीत सुटकेनंतरची देखभाल व पुनर्वसन यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, आणि 2023 च्या आदर्श कारागृह कायद्याच्या मसुद्यातही हा विषय आहे. शिक्षा कधी संपणार हे तुरुंग प्रशासनाला आधीपासून ठाऊक असते. मग आधार, बँक खाते, शिधापत्रिका आणि रहिवासी दाखला यांची कामे सुटकेपूर्वीच्या काही महिन्यांत आतूनच का उरकली जात नाहीत? त्यासाठी ना नवा कायदा लागतो, ना मोठा निधी. मामलेदार कचेरीशी पत्रव्यवहार करणारा एक जबाबदार अधिकारी पुरेसा आहे. औंधसारख्या लहानशा संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत वसवून कैद्यांना शेती आणि कुटुंब दोन्ही दिले, तेव्हा देश स्वतंत्रही झालेला नव्हता. आग्वादचा जुना तुरुंग पर्यटकांसाठी देखणा करणाऱ्या आपल्या राज्याला एवढे जमू नये, हे मला पटत नाही.

आता थोडे आपल्या दैनिकाविषयीही, राग मानू नये. अटकेच्या बातमीत आपण नाव, गाव आणि छायाचित्र छापता. 2022 अखेर देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांच्यावरचा गुन्हा अद्याप सिद्धच झालेला नाही असे. त्यांतला कोणी निर्दोष सुटला, तर ती बातमी आपल्या अंकात मला क्वचितच दिसते, आणि दिसलीच तर आतल्या पानाच्या कोपऱ्यात, छायाचित्राविना. या मुलाच्या बाबतीत निदान गुन्हा शाबीत झाला होता. ज्यांचा झाला नाही, त्यांच्या सुटकेला अटकेइतकीच जागा देणे सर्वस्वी आपल्या हातात आहे, आणि ते आपण याच आठवड्यापासून सुरू करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
डिचोली