तक्रार पत्र: नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर हार्डवेअर त्रुटीतून सावरत नसल्याबाबत

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: आपल्या दोन पोर्टच्या १० गिगाबिट नेटवर्क कार्डाच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एरर रिकव्हरीची (त्रुटीतून सावरण्याची) सोय नसणे, तसेच रीसेटनंतर कार्ड पूर्ववत न होणे.

महोदय,

आमच्या सहकारी पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयातील सर्व्हरमध्ये आपल्या कंपनीचे उपरोक्त कार्ड बसवलेले असून सर्व शाखांचे व्यवहार त्यावरूनच चालतात. हे कार्ड अधूनमधून प्रोसेसरला उत्तर देणे थांबवते आणि अशा प्रत्येक वेळी आम्हाला संपूर्ण सर्व्हरचा वीजपुरवठा तोडावा लागतो. याविषयी आपल्या मदत कक्षाशी झालेला पत्रव्यवहार समाधानकारक न ठरल्याने, आणि आमची तक्रार कोणीही नीट वाचून न घेताच बंद केल्याने, हे पत्र थेट आपल्याकडे पाठवीत आहे.

हार्डवेअर कधीच चुकू नये, अशी आमची अपेक्षा नाही. कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस बसवर विजेच्या गोंधळाने एखादे पॅकेट खराब होते, एखाद्या विनंतीला वेळेत उत्तर येत नाही, हे मानकातच गृहीत धरलेले आहे. म्हणूनच त्रुटींची वर्गवारी दुरुस्त होणाऱ्या, घातक नसलेल्या आणि घातक अशी केलेली आहे. लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) अशा त्रुटींतून उपकरणाला सावरण्याची यंत्रणा २००६ सालापासून आहे. आमचा आक्षेप इतकाच, की आपल्या ड्रायव्हरने या यंत्रणेत आपला वाटा उचललेलाच नाही, आणि त्यामुळे एरवी काही क्षणांत निभावून जाणारी त्रुटी आमच्याकडे कामकाज ठप्प होण्यापर्यंत जाते.

नेमके काय घडते ते सांगतो, कारण मदत कक्षाच्या उत्तरांवरून लॉग कोणी उघडून पाहिला असेल असे वाटत नाही. प्रथम रूट पोर्ट (बसचा प्रोसेसरच्या बाजूचा पोर्ट) ‘कम्प्लिशन टाइमआउट’ (विनंतीला वेळेत उत्तर न येणे) ही घातक नसलेली त्रुटी नोंदवतो. त्यानंतर कर्नल त्या पोर्टाखालच्या प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरला विचारतो, की तू आहे तसा सावरू शकतोस, की तुला रीसेट हवा आहे. हा प्रश्न ‘एरर डिटेक्टेड’ या कॉलबॅकमार्फत, म्हणजे कर्नलने बोलवावा म्हणून ड्रायव्हरने पुरवायच्या कोडमार्फत, विचारला जातो. आपल्या ड्रायव्हरमध्ये तो कॉलबॅकच नाही. परिणामी लॉगमध्ये कार्डाच्या दोन्ही फंक्शन्सपुढे (प्रत्येक नेटवर्क पोर्टचे एक) ‘कान्ट रिकव्हर, नो एरर डिटेक्टेड कॉलबॅक’ अशी ओळ उमटते आणि लगेच खाली ‘डिव्हाइस रिकव्हरी फेल्ड’ असे लिहिलेले आढळते. कर्नलने विचारले आणि उत्तर द्यायला कोणी नव्हते, एवढाच त्याचा अर्थ आहे. येथे आणखी एक बाब आपल्या अभियंत्यांच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते: एका पोर्टाखाली अनेक उपकरणे असतील आणि त्यांपैकी एकाच ड्रायव्हरकडे हा कॉलबॅक नसेल, तरीही कर्नल त्या सगळ्या गटाची रिकव्हरी अयशस्वी ठरवतो. म्हणजे या उणिवेचा फटका शेजारच्या, व्यवस्थित लिहिलेल्या ड्रायव्हरलाही बसू शकतो.

पुढचा भाग अधिक गंभीर आहे. काय बिघडले याची काहीच कल्पना नसलेला आपला ड्रायव्हर पाकिटे पाठवत राहतो. थोड्याच वेळात नेटडेव्ह वॉचडॉग (पाठवणी अडकली का यावर नजर ठेवणारा कर्नलचा भाग) ‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’ अशी तक्रार करतो आणि ड्रायव्हरचे स्वतःचे रीसेट फंक्शन चालू होते. आपण ड्रायव्हरचा सोर्स कोड दिलेला आहे, याबद्दल आपले आभार. त्यामुळेच आम्हाला तो वाचता आला. हे फंक्शन कार्डाच्या कंट्रोल रजिस्टरमधील (कार्डाला आज्ञा देण्याच्या स्मृतिस्थानातील) रीसेटचा बिट १ करते आणि तो बिट ० होईपर्यंत एका लूपमध्ये वाट पाहत राहते. त्या लूपला कोणतीही कालमर्यादा नाही. उत्तर न देणाऱ्या उपकरणाचे रजिस्टर वाचले की सगळे बिट १ असलेली किंमत मिळते, हे पीसीआयचे ड्रायव्हर लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि ती तपासण्यासाठी कर्नलमध्ये तयार मॅक्रोही आहे. आपला ड्रायव्हर मात्र ती किंमत खरी मानतो. रीसेटचा बिट त्याला कायम १ दिसतो आणि लूप कधीच संपत नाही. वीस सेकंद उलटून गेल्यावर ‘सॉफ्ट लॉकअप, सीपीयू स्टक’ हा प्रोसेसर एकाच कामात अडकल्याचा इशारा येऊ लागतो.

हा लूप चालू असताना ड्रायव्हरने नेटवर्कचे आरटीएनएल हे सामायिक कुलूप धरून ठेवलेले असते. त्यामुळे ‘आयपी लिंक’ ही नेटवर्क जोडण्यांची साधी आज्ञासुद्धा लटकते, ड्रायव्हर काढून पुन्हा भरता येत नाही, आणि सर्व्हर रीतसर बंद करण्याचा प्रयत्न केला तर तोही नेटवर्क थांबवण्याच्या टप्प्यावर अडकतो. शेवटी बटण दाबून वीज तोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. डेटाबेस असा अचानक बंद पडल्यावर तो लॉगवरून पूर्ववत होईपर्यंत एकाही शाखेचे काउंटर चालू करता येत नाही. मागील वेळी हे नेमके संध्याकाळी घडले. पिग्मी एजंट दिवसभराची वसुली यंत्रात घेऊन भरणा करण्यासाठी बाकावर ताटकळले होते, सोनेतारणाचे पैसे घ्यायला आलेल्या सभासदांना दुसऱ्या दिवशी या असे सांगावे लागले, आणि दिवसअखेरची प्रक्रिया रात्री उशिरा नव्याने चालवावी लागली. सभासदांच्या दृष्टीने दोष पतसंस्थेचा असतो. कार्ड कोणत्या कंपनीचे आहे, हे त्यांना सांगून उपयोग नाही.

ड्रायव्हरखेरीज कार्डाच्या फर्मवेअरमध्येही (कार्डाच्या आतच असलेल्या सॉफ्टवेअरमध्येही) दोष असावा, असे आमच्या चाचणीवरून दिसते. सुट्टीच्या दिवशी ड्रायव्हर वेगळा करून आम्ही सिसएफएसमधील (कर्नल उपकरणांची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो त्या जागेतील) रीसेट फाइलद्वारे कार्डाला फंक्शन लेव्हल रीसेट (एफएलआर) दिला. मानकानुसार असा रीसेट १०० मिलिसेकंदांत पूर्ण व्हायला हवा. लिनक्स त्याहून पुष्कळ सवलत देतो, तरीही ‘नॉट रेडी १०२३ एमएस आफ्टर एफएलआर, वेटिंग’ या ओळीपासून सुरुवात होऊन प्रतीक्षा दर वेळी दुप्पट होत गेली आणि अखेर ‘६५५३५ एमएस, गिव्हिंग अप’ येथे संपली. त्यानंतर सर्व्हर केवळ रीबूट करून कार्ड परत दिसले नाही; वीज पूर्ण काढून घेतल्यावरच ते परतले. याचा अर्थ असा, की ड्रायव्हरमध्ये उद्या कॉलबॅक घातले तरी फर्मवेअर सुधारल्याशिवाय रीसेटवर भरवसा ठेवता येणार नाही.

आपल्या मदत कक्षाने सुरुवातीला आमच्या स्लॉटला दोष दिला. आम्ही कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहिले, तेथेही तेच घडले. उलट मूळ स्लॉटमध्ये दुसऱ्या उत्पादकाचे कार्ड लावल्यावर त्याचे एईआरचे (पीसीआय एक्सप्रेसच्या त्रुटी नोंदवणाऱ्या यंत्रणेचे) सर्व आकडे शून्यावर राहिले. नंतर आम्हाला कर्नलला ‘पीसीआय नोएईआर’ हा पर्याय देण्यास सांगण्यात आले. या सल्ल्याचे आम्हाला अतिशय वाईट वाटले. त्या पर्यायाने त्रुटी थांबत नाही, फक्त तिची नोंद होणे थांबते. जनतेच्या ठेवी सांभाळणाऱ्या संस्थेला बिघाडाची नोंदच बंद करा असे सुचवणे, हे कोणत्याही उत्पादकाला शोभणारे नाही.

जे आम्ही मागत आहोत ते अशक्य नाही. ‘आयजीबी’, ‘आयएक्सजीबीई’ यांसारखे कर्नलमध्येच असलेले नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर ‘एरर डिटेक्टेड’, ‘स्लॉट रीसेट’ आणि ‘रिझ्यूम’ हे कॉलबॅक अनेक वर्षांपासून पुरवत आहेत, आणि त्यांचा कोड कोणालाही वाचता येतो. चाचणीसाठी हार्डवेअर बिघडण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. कर्नलमधील ‘एईआर इंजेक्ट’ या सोयीने कृत्रिम त्रुटी निर्माण करून ड्रायव्हर कसा वागतो हे आपल्या प्रयोगशाळेत एका दुपारी तपासता येईल. आपण आपला ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये समाविष्ट होण्यासाठी पाठवला असता, तर मर्यादा नसलेला तो लूप तेथील परीक्षणात नक्कीच अडवला गेला असता, असे मला मनापासून वाटते.

म्हणून विनंती आहे, की वरील तिन्ही कॉलबॅक असलेला, रजिस्टरची किंमत तपासणारा आणि ठराविक मुदतीनंतर हार मानून कुलूप सोडणारा ड्रायव्हर, तसेच रीसेटचा दोष दूर केलेले फर्मवेअर आपण कधी देणार, याची तारीख हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी कळवावी. अशी तारीख देणे शक्य नसेल, तर कार्ड वॉरंटीच्या मुदतीत असल्याने ते परत घेऊन पूर्ण रक्कम संस्थेच्या खात्यात जमा करावी. त्रुटींच्या नोंदींसह संपूर्ण कर्नल लॉग, एईआरचे आकडे आणि रीसेट चाचणीचा तपशील सोबत जोडला आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्या आपल्या अभियंत्यांना आमच्याशी थेट बोलायचे असल्यास, किंवा सुधारित ड्रायव्हर आधी आमच्या राखीव सर्व्हरवर चालवून पाहायचा असल्यास, त्यासाठी लागणारा वेळ आणि यंत्र देण्याची आमची तयारी आहे.

कळावे.

आपला विश्वासू,
प्रणाली व्यवस्थापक,
(सहकारी पतसंस्थेच्या वतीने)

सोबत: कर्नल लॉग, एईआर आकडेवारी, रीसेट चाचणीचा तपशील, खरेदी पावतीची प्रत