ट्यूनिंगचे पैसे घेतले, ट्यूनिंग केलंच नाही

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ट्यूनिंग न करता पाठवलेला कंपाउंड बो (टोकांना चकत्या असलेलं धनुष्य) आणि चुकीच्या स्पाइनचे (लवचिकतेचे) बाण

महोदय,

साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीत विश्वविजेती झाली, तेव्हापासून मुलीने कंपाउंडचा ध्यास घेतला. तिच्यासाठी तुमच्याकडून ५० पाउंड ताणाचा बो आणि कार्बनचे बाण घेतले. बिलात 'संपूर्ण ट्यूनिंग' म्हणून वेगळी रक्कम लावली आहे. बिल आणि व्हिडिओ सोबत जोडले आहेत.

व्हिडिओ तिच्या कोचनी काढला आहे. बो पूर्ण ओढल्यावर वरचा कॅम (टोकाची चकती) स्टॉपला टेकतो, खालचा अजून फिरतच असतो. पेपर ट्यूनिंग केलं, म्हणजे कागदातून बाण मारून फाट तपासली, तर कागद उभाही फाटतो आणि आडवाही. रेस्ट (बाणाचा टेकू) सरकवून, नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण लावायची जागा) हलवून पाहिलं, फाट काही जात नाही. दोन्ही कॅम एकाच वेळी टेकावेत म्हणून त्यांचं टायमिंग केबलला पीळ देऊन जुळवावं लागतं आणि त्याला बो प्रेस (बो दाबून धरणारं यंत्र) लागतो. तो आमच्याकडे नाही, म्हणून तर तुम्हाला पैसे मोजले.

बाणांची गोष्ट जास्त गंभीर आहे. त्यांच्यावर स्पाइन ७०० छापलं आहे. आकडा जितका मोठा तितका बाण मऊ : २८ इंचांवर टेकू देऊन मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगलं, तर ५०० चा बाण अर्धा इंच वाकतो, ७०० चा त्याहून बराच जास्त. ५० पाउंडच्या कंपाउंडवर २८ इंची बाण ४०० ते ५०० च्या आसपासचा हवा. इतका मऊ बाण सुटतानाच फुटला तर कार्बनच्या सळया बो धरलेल्या हातात घुसतात. ते बाण मी कपाटात बंद करून ठेवले आहेत.

फोनवर तुमचे तंत्रज्ञ म्हणाले, "हे हंटिंग मॉडेल आहे, शिकारीला एवढं चालतं." वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. आम्ही येऊरच्या पायथ्याशी, राष्ट्रीय उद्यानाला लागून राहतो; खोक्यात ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाची पात्यांची टोकं) कोणासाठी घातलेत? आणि जिथे धनुष्याने शिकार कायदेशीर आहे, तिथले शिकारी तर ट्यूनिंगच्या बाबतीत जास्तच काटेकोर असतात. ब्रॉडहेडच्या पात्यांवर पुढूनच हवा धरते, त्यामुळे जरा तिरका सुटलेला बाण आणखी भरकटतो. तुमचं उत्तर त्यांनीही ऐकून घेतलं नसतं. माझ्या मुलीला तर ५० मीटरवरून ८ सेंटिमीटरच्या वर्तुळात दहा मारायचे आहेत.

बो तुमच्या खर्चाने नेऊन टायमिंग जुळवून द्या आणि पेपर ट्यूनिंगचा कागद सोबत पाठवा. बाण योग्य स्पाइनचे बदलून द्या, ब्रॉडहेड परत न्या. हे जमत नसेल तर सगळी रक्कम परत करा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन. तुमचं कार्यालय परराज्यात असलं तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते.

कळावे,
आपला ग्राहक
ठाणे (पश्चिम)